डिजिटल वस्त्रांवरील चुण्यांचे चित्रण

प्रतिमा-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कपड्याच्या सपाट रंगावर छाया आणि उजेड रंगवून कापड मोडल्याचा, गोळा झाल्याचा किंवा ताणल्याचा भास निर्माण करण्याचे तंत्र. आभासी जगातील पात्रांचे कपडे, संगणकीय खेळ, डिजिटल चित्रे आणि वेशभूषेचे आराखडे यांत ते वापरले जाते. शर्टाची बाह्यरेषा कितीही बिनचूक काढली तरी चुण्यांवाचून तो अंगाला रंग फासल्यासारखा दिसतो. कापडाचे वजन, जाडी आणि आतल्या शरीराची हालचाल पाहणाऱ्याला कळते ती चुण्यांवरूनच.

मराठीत कापडाच्या मोडण्याला अनेक शब्द आहेत आणि चित्रकाराला ते उपयोगी पडतात. सुरकुती बारीक आणि उथळ असते. कापड गोळा झाले की अंगावर उंचवटा धरून उठते ती चुणी. घडीची खूण दाबून पडलेली, सरळ आणि कडक असते. निरी मुद्दाम घातलेली, तर झोळ दोन टोकांच्या मध्ये आपल्याच भाराने लोंबणारा. यांतल्या प्रत्येकाला वेगळा ब्रश आणि वेगळी कडा लागते. सगळ्यांना एकाच मऊ ब्रशने रंगवणे ही या कामातली सर्वांत सामान्य चूक आहे.

कापड का मोडते

मागावर विणलेले कापड उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने फारसे ताणले जात नाही, पण वाकते मात्र सहज. कोपर दुमडले की आतल्या बाजूची जागा कमी होते, कापड तेवढेच राहते, आणि जास्तीचे कापड बाहेर उठते. बाहेरच्या बाजूला उलट कापड अपुरे पडते, ते हाडावर ताणून बसते आणि तिथे जवळजवळ चुणी नसते. म्हणून बाही रंगवताना आतली बाजू गजबजलेली आणि कोपराचे टोक स्वच्छ ठेवावे लागते.

ताण जिथून सुरू होतो त्या जागा ठरलेल्या आहेत: खांदा, काख, कोपर, कंबर, जांघ, गुडघा आणि घट्ट बसलेले बटण. चुणी अशा एका बिंदूपासून फाकते किंवा दोन बिंदूंना जोडते. कुठूनही न निघणारी आणि कुठेही न पोचणारी चुणी पाहणाऱ्याला खटकते, भले का खटकते हे त्याला सांगता न येवो. त्यामुळे ब्रश हातात घेण्याआधी एका वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वरच्या स्वतंत्र पारदर्शक थरावर, हे बिंदू ठिपक्यांनी मांडून घेणे फायद्याचे ठरते.

दोन वळ्यांमधले अंतरही मनमानी नसते. एन्रिके सेर्दा आणि एल. महादेवन या शास्त्रज्ञांनी 2003 मध्ये ताणलेल्या पातळ पडद्यांवरील वळ्यांचे गणित मांडले. पडदा वाकायला जितका कडक तितक्या वळ्या रुंद, ताण जितका जास्त तितक्या त्या अरुंद, आणि लांबी चौपट झाली तर अंतर दुप्पट, असा त्याचा आशय आहे. चित्रकार हेच डोळ्यांनी शिकत आले आहेत. जाड लोकरीला मोजक्या, रुंद, गोल माथ्याच्या वळ्या पडतात, तर पातळ सुती कापडाला पुष्कळ आणि टोकदार. रेशमाच्या चुण्या लांब वाहत्या असतात आणि त्यांवर अरुंद, तेजस्वी चकाकी दिसते. टी-शर्टचे कापड धाग्याचे फास एकमेकांत गुंतवून विणलेले असते आणि स्वतःच ताणले जात असल्याने त्यावर चुण्या कमीच. डेनिमच्या बाबतीत एक जादा गोष्ट लागते: जांघेपाशी वारंवार मोडलेल्या रेघांच्या माथ्यावरचा रंग घासून फिका पडतो, आणि पँट सरळ ताणली तरी ते फिके पट्टे तसेच राहतात. म्हणजे तिथे चुणीची छाया वेगळी आणि चुणीची खूण वेगळी रंगवायची.

चित्रकलेच्या शिक्षणात चुण्यांचे सात प्रकार सांगण्याची पद्धत आहे: एका बिंदूतून उतरणारी नळीसारखी, दुमडलेल्या नळीवर उठणारी नागमोडी, अंगाभोवती पीळ घेणारी, कोपर-गुडघ्यासारख्या ठिकाणी दिशा अचानक बदलताना अडकून बसणारी, दोन टोकांमध्ये झोळीसारखी लोंबणारी, वरून मोकळी पडणारी आणि जमिनीवर निपचित पसरलेली. ही यादी पाठ करण्यात फार अर्थ नाही. अंगातल्या कपड्यावर नळी, नागमोडी आणि अडकलेली चुणी एवढ्या तीन प्रकारांवरच बरेचसे काम भागते.

रंगवण्याची पद्धत

चुणी म्हणजे रेघ नव्हे. ती एक छोटी टेकडी आहे. तिला उजेडाकडची उतरण आहे, माथा आहे, अंधाराकडची उतरण आहे, तिची शेजारच्या कापडावर पडणारी सावली आहे, आणि बहुतेकदा अंधाराच्या कडेला शेजारच्या कापडावरून परत आलेला मंद उजेडही आहे. नवशिक्याच्या कामात यांपैकी फक्त सावली असते, तीही दोन्ही कडांनी सारखीच धूसर, आणि मग कपड्यावर काजळीचे ओघळ आल्यासारखे दिसते. खऱ्या चुणीची एक कडा कठीण असते, जिथे कापड स्वतःवर वळून खाली जाते, आणि दुसरी कडा हळूहळू विरते. ही एक गोष्ट सांभाळली की बाकीच्या बऱ्याच चुका खपून जातात.

फोटोशॉप, गिम्प, क्रिता यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कामाचा क्रम साधारण सारखाच असतो. कपड्याचा मूळ रंग तळाच्या लेयरवर. त्यावर 50 टक्के करड्या रंगाने, म्हणजे 0 ते 255 च्या मापात 128 ने, भरलेला लेयर ‘ओव्हरले’ किंवा ‘सॉफ्ट लाइट’ या ब्लेंड मोडमध्ये, म्हणजे वरचा लेयर खालच्यात मिसळण्याच्या रीतीत. या मोडमध्ये मधला करडा काहीच करत नाही. त्याहून गडद छटा खालचा रंग गडद करते, फिकी छटा उजळते. त्यामुळे मूळ रंगाला धक्का न लावता करड्यावर छाया-उजेड रंगवता येतो, आणि हाच लेयर नंतर लाल शर्टावरून निळ्या शर्टावर उचलून ठेवता येतो.

मात्र ओव्हरलेची एक खोड आहे. खालचा रंग शुद्ध पांढरा किंवा शुद्ध काळा असेल तर त्याचा परिणाम शून्य. पांढऱ्या शर्टावर तासभर चुण्या काढून काहीच दिसेना म्हणून वैतागलेल्यांचे उत्तर इथे आहे. पांढरे कापड मुळात किंचित करड्या रंगाने भरावे आणि छाया ‘मल्टिप्लाय’ मोडमध्ये द्यावी. काळ्या कापडाला किंचित उजळ पाया द्यावा आणि त्याचे काम खालचा रंग फक्त उजळवणाऱ्या ‘स्क्रीन’ मोडमधल्या उजेडावर सोडावे. मल्टिप्लायचा हिशेब साधा आहे: दोन्ही किमतींचा गुणाकार करून 255 ने भागायचे. 200 च्या रंगावर 128 ची छाया ठेवली की उरतात साधारण 100. या मोडमध्ये छायेसाठी काळा रंग वापरला तर कापड मळकट दिसते. कापडाच्याच रंगाची गडद आणि जरा अधिक रंगीत छटा घेतली तर छाया कापडातलीच वाटते.

छायेचे पहिले थर मोठ्या ब्रशने आणि 10 ते 20 टक्के ओपॅसिटीने (अपारदर्शकतेने) द्यावेत, म्हणजे कपड्याची मोठी घडण आधी उभी राहते. बारीक चुण्यांची घाई करणाऱ्याची छाती-पोटाची गोलाई हरवते. नंतर मधल्या चुण्या, शेवटी मोजक्या कठीण कडा. ‘स्मज’ साधनाने चुणीचे टोक ओढून निमुळते करता येते, कारण खरी चुणी मध्येच तुटत नाही, ती सपाट कापडात विरते. ग्राफिक्स टॅब्लेट असेल तर पेनाच्या दाबाने हे निमुळतेपण आपोआप येते. माउसने ते अशक्य नाही, पण टोक मागाहून खोडरबराने हलके करावे लागते.

‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही साधने छायाचित्रांच्या डार्करूममधून आली आहेत. तिथे कागदावर पडणारा प्रकाश छोट्या पट्टीने अडवला की तेवढा भाग उजळ राही, आणि हाताच्या मुठीतल्या फटीतून जादा प्रकाश सोडला की गडद होई. फोटोशॉपमधल्या या दोन साधनांची चित्रे, काडीवरची चकती आणि वळवलेला हात, त्याच कृतींची आहेत. ही साधने थेट रंगाच्या लेयरवर चालवली तर रंग कायमचा बिघडतो. करड्या लेयरवर ती निर्धास्त चालवावीत. फोटोशॉपची पहिली आवृत्ती 1990 मध्ये आली, लेयर मात्र 1994 मधल्या तिसऱ्या आवृत्तीत आले. तोवर अशी चैन नव्हती.

आधी करड्यात घडण आणि मग वर रंग, ही कल्पना तशी जुनीच. युरोपातले चित्रकार करड्या छटांत चित्र पुरे करून त्यावर पारदर्शक रंगांचे थर देत. लिओनार्दो दा विंची ओल्या मातीत भिजवलेले कापड मातीच्या पुतळ्यांवर अंथरून, ते स्थिर झाल्यावर तासन्‌तास त्याचा अभ्यास करी, असे वर्णन आहे. आल्ब्रेख्त ड्युररने 1493 मध्ये एका कागदावर सहा चुरगळलेल्या उशा रेखाटल्या. शरीर काढून टाकून फक्त कापड पाहण्याचा हा सराव आजही उत्तम. खुर्चीवर टॉवेल टाकावा, एका बाजूने दिवा लावावा, आणि करड्या तीन छटांत तो उतरवावा.

खऱ्या कापडाचे छायाचित्र वापरण्याचाही मार्ग आहे. छायाचित्र करडे करून त्यावर ‘हाय पास’ फिल्टर चालवला की मोठे छाया-उजेड निघून जातात आणि बारीक मोडणी मधल्या करड्याभोवती उरते. तो लेयर ओव्हरलेमध्ये ठेवता येतो. पोत झटकन येतो, पण छायाचित्रातल्या उजेडाची दिशा आपल्या चित्राशी जुळली नाही तर सगळे उघडे पडते.

नक्षीचे कापड

पट्टे, चौकडी किंवा फुले असलेल्या कापडावर नुसती छाया पुरत नाही. चुणीच्या माथ्यावर पट्टा वाकायला हवा आणि खोल घडीत तो दिसेनासा होऊन पलीकडे सरकून निघायला हवा. पट्टे सरळच राहिले तर चुण्या कपड्यावर तरंगणाऱ्या धुरासारख्या दिसतात. यासाठी फोटोशॉपमध्ये ‘डिस्प्लेस’ फिल्टर आहे: चुण्यांचे करडे चित्र वेगळ्या पीएसडी (फोटोशॉपच्या स्वतःच्या) फाइलमध्ये जपून ठेवायचे आणि नक्षीच्या लेयरला ते नकाशा म्हणून द्यायचे. नकाशात 128 असेल तिथे नक्षी हलत नाही, त्याहून गडद-फिक्या जागी ती एका किंवा दुसऱ्या बाजूला सरकते. नकाशा आधी थोडा ब्लर (धूसर) केलेला बरा, नाहीतर पट्ट्यांच्या कडा फाटल्यासारख्या होतात. खोल घडीतला लपलेला भाग मात्र हा फिल्टर दाखवू शकत नाही. तो हातानेच करावा लागतो.

त्रिमितीय पात्रांचे कपडे

आभासी जगातल्या पात्राचा कपडा अनेकदा वेगळी वस्तू नसून शरीरावर चिकटवलेले चित्र असते. 2003 मध्ये सुरू झालेल्या ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात वापरणारे लोक धडाचा आणि पायांचा उलगडलेला नकाशा घेऊन त्यावर शर्ट, पँट रंगवत. हे चित्र बहुधा 512 बाय 512 पिक्सेलचे, आणि त्यातच पुढची, मागची आणि इतर बाजू बसवायची. एवढ्या जागेत एक-दोन पिक्सेलची सुरकुती टिकत नाही. म्हणून दुप्पट किंवा चौपट आकारात काम करून शेवटी लहान करण्याची रीत पडली.

शिवणीपाशी खरी परीक्षा होते. पुढच्या तुकड्यावरची चुणी कुशीतून मागे जाते तेव्हा मागच्या तुकड्यावर ती त्याच उंचीवर आणि त्याच गडदपणात सुरू व्हायला हवी. आधी आकडे घातलेल्या चौकोनांची जाळी पात्राला चढवून पाहिली की कोणता चौकोन कुठे जुळतो आणि कुठे ताणला जातो हे कळते. काम वाचवण्यासाठी डाव्या बाहीचे चित्र आरशासारखे उलटून उजवीला लावले जाते. त्यातून येणारी तंतोतंत सममिती ही खोटेपणाची खूणच असते.

रंगवलेल्या चुणीची मूळ अडचण उजेडाची आहे. पात्र वळते, सूर्य सरकतो, पण कपड्यातली छाया जागची हलत नाही. म्हणून असा उजेड साधारण वरून आणि मऊ धरतात, आणि एका बाजूची प्रखर चकाकी टाळतात. संगणक-चित्रणातले संशोधक जेम्स ब्लिन यांनी 1978 मध्ये पृष्ठभागाची घडण न बदलता त्याच्या दिशेची आकडेमोड बदलून उंचवट्यांचा भास निर्माण करण्याची ‘बम्प मॅपिंग’ पद्धत मांडली. त्यांच्या निबंधाचे शीर्षकच सुरकुतलेल्या पृष्ठभागांविषयी होते. आजचे ‘नॉर्मल मॅप’ त्याच कुळातले. त्यांत प्रत्येक पिक्सेलचा रंग पृष्ठभागाची दिशा सांगतो, आणि सपाट जागा 128, 128, 255 अशा निळसर रंगाची असते. अशा नकाशांसोबत वापरायच्या मूळ रंगाच्या चित्रात दिशा असलेला उजेड रंगवायचा नसतो, नाहीतर एकाच चुणीवर दोन उजेड भांडतात.

डेव्हिड बॅराफ आणि अँड्र्यू विटकिन या संशोधकांनी 1998 मध्ये कापडाची हालचाल संगणकाने जलद सोडवण्याची रीत दिली. पुढे कापड आभासी शरीरावर खरोखर ‘शिवून’ चुण्या आपोआप पाडणारी सॉफ्टवेअर आली. तरीही हाताने रंगवलेल्या पोतांच्या शैलीतले खेळ, कमी क्षमतेच्या उपकरणांसाठीची पात्रे आणि द्विमितीय चित्रे यांत ब्रशचे काम चालूच आहे. अशा सिम्युलेशनने, म्हणजे संगणकी नकलेने, दिलेल्या चुण्याही अनेकदा प्रतिमा-संपादनात आणून निवडाव्या लागतात: चेहऱ्याकडून नजर ओढून घेणारी एखादी पुसायची, कोपरातली एखादी ठळक करायची.