रिपोर्टवरचा ‘न्यूरो’ आणि मेंदूतली गाठ

फुप्फुसातील गाठीच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘न्यूरोएंडोक्राइन’ हा शब्द दिसला, की ‘म्हणजे आजार मेंदूपर्यंत गेला का?’ हा प्रश्न घरच्यांच्या मनात सर्वांत आधी उभा राहतो. ही धास्ती समजण्यासारखी आहे. परंतु तो शब्द पेशी कोणत्या जातीची आहे एवढेच सांगतो, ती कोठवर पोचली आहे हे सांगत नाही.

श्वासनलिकांच्या अस्तरात मुळातच काही विरळ पेशी असतात, ज्या चेतापेशींप्रमाणे बदल टिपतात आणि संप्रेरकांसारखी द्रव्ये सोडतात. फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी सुमारे १५ टक्के असणारा ‘स्मॉल सेल’ प्रकार बहुधा याच पेशींपासून उद्भवतो. पॅथॉलॉजिस्टला सूक्ष्मदर्शकाखाली लहान, गर्द, एकमेकींना रेटून बसलेल्या पेशी दिसतात. मग सिनॅप्टोफायसिनची चाचणी लावली जाते. चेतापेशी ज्या सूक्ष्म पिशव्यांत निरोपाची रसायने साठवतात, त्या पिशव्यांच्या आवरणातले हे प्रथिन आहे. ते सापडले की पेशी तपकिरी रंगून उठतात. फुप्फुसातली पेशी चेतापेशीचे सामान बाळगून आहे, याची ही साक्ष असते.

मेंदूतला प्रसार ही गोष्टच वेगळी. त्यात फुप्फुसातल्या पेशी रक्तावाटे मेंदूत जाऊन तेथे वाढू लागतात, आणि ते कळते एमआरआयवरून, बायोप्सीच्या रंगावरून नव्हे. ॲडिनोकार्सिनोमा या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दुसऱ्या प्रकाराच्या पेशींत सहसा चेतापेशीचा मागमूस नसतो, तरीही तो मेंदूत वारंवार पोचतो. याउलट कार्सिनॉइड हा फुप्फुसातल्या गाठीचा प्रकार न्यूरोएंडोक्राइनच असून बहुतेकदा संथपणे वाढतो आणि अनेकदा शस्त्रक्रियेने बरा होतो. घोटाळा होतो तो स्मॉल सेलमुळे, कारण त्याच्या पेशी चेतापेशींसारख्या असतात आणि मेंदूकडे त्याची ओढही मोठी असते. निदानाच्या वेळीच साधारण दहापैकी एका रुग्णाच्या मेंदूत गाठ आढळते.

या साधर्म्याचा एक परिणाम तर मेंदूत काहीही नसताना दिसतो. चेतातंतूंच्या टोकांवर असणारे कॅल्शियमचे मार्ग स्मॉल सेलच्या पेशींवरही असतात. रोगप्रतिकारयंत्रणा त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि ती प्रतिपिंडे रुग्णाच्या स्वतःच्या चेतातंतूंवरही उलटतात. मांड्यांत जोर राहत नाही, खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो. हा लँबर्ट-ईटन विकार कधी कधी गाठ सापडण्याच्या कित्येक महिने आधी प्रकटतो, म्हणूनच त्याचे निदान झाले की डॉक्टर छातीचा सीटी स्कॅन करून घेतात. पायांतली ही अशक्तता म्हणजे मेंदूत पसरलेला आजार, असे गृहीत धरणे चूक ठरते.

उपचारांच्या दृष्टीने मला पेशीचा हा स्वभावच अधिक आशादायक वाटतो. ज्या जनुकीय यंत्रणेमुळे पेशीला चेतापेशीचे रूप येते, तीच यंत्रणा डीएलएल-३ हे प्रथिनही वाढवते. निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर ते जवळजवळ नसते. स्मॉल सेलच्या बहुतेक गाठींत मात्र ते बाहेर उघडे असते. एका टोकाने हे प्रथिन आणि दुसऱ्या टोकाने रोगप्रतिकारयंत्रणेतल्या टी-पेशी पकडणाऱ्या टार्लाटामॅब या औषधाला अमेरिकेत मे २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

त्याही पुढची गोष्ट २०२५ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी दाखवली. या गाठींतल्या न्यूरोएंडोक्राइन पेशी स्वतःच विद्युत-स्पंद निर्माण करतात, आणि मेंदूतल्या साहाय्यक पेशी चेतापेशींना जसे लॅक्टेट पुरवतात, तसे त्यांना शेजारच्या, हा स्वभाव गमावलेल्या कर्कपेशी इंधन पुरवतात. फुगा माशाच्या टेट्रोडोटॉक्सिन या विषाने हे स्पंद दाबले, तेव्हा पेशींची नवी गाठ तयार करण्याची क्षमता घटली. अर्थात हे विष रुग्णाला देता येणार नाही, कारण ते ज्या सोडियमच्या मार्गांना बंद करते, तसेच मार्ग आपल्या निरोगी चेतातंतूंनाही लागतात. निरोगी चेतातंतूंना धक्का न लावता गाठीतलेच स्पंद थांबवणे, हे काम अजून व्हायचे आहे.