खोलीचे पैसे कोणी द्यायचे? नाशिक परिसरातल्या रेसिडेन्सींची पार्श्वभूमी

इगतपुरी, त्र्यंबक आणि गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाला चित्रकार-लेखकांसाठी राहून काम करण्याच्या ज्या जागा, म्हणजे रेसिडेन्सी, आहेत, त्यांच्याविषयीची चर्चा फिरून फिरून एकाच मुद्द्यावर येते : कलावंताने राहण्याचे पैसे द्यायचे का? बाकी बाबतींत फारसे दुमत नाही. मार्गदर्शक नको, वेळापत्रक नको, शेवटी प्रदर्शनाची सक्ती नको, ज्याने त्याने आपले काम आपल्या चालीने करावे, हे सगळ्यांना मान्य असते. दिवसाचा दर सांगितला की मात्र दोन तट पडतात. हा दर कुठून आला, हे कळायला थोडे मागे जावे लागते. फार मागे नाही, पण एक जुना दाखला नाशिकचाच आहे आणि तो सोडवत नाही.

पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. लेणे संघाला दिले, एवढेच त्यात नाही. तिथे राहणाऱ्या भिक्षूंच्या खर्चाची तजवीजही लिहून ठेवली आहे. तीन हजार कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ठेव. त्यातले दोन हजार गोवर्धनच्या एका विणकर श्रेणीकडे, म्हणजे विणकरांच्या संघाकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. हिशेब करून पाहिला तर वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते आणि वीस गुणिले बारा तेवढेच. पावसाळाभर एका जागी राहणाऱ्याचा खर्च कोण उचलणार, हे इतके चोख ठरवलेले क्वचितच पाहायला मिळते. भिक्षू आणि चित्रकार यांची बरोबरी करायची नाही. पण ‘एकांत फुकट मिळावा’ म्हणणाऱ्यांनी हा लेख एकदा वाचावा. तो एकांत फुकट नव्हता, त्याचे पैसे आधी कोणीतरी भरून ठेवले होते.

मधल्या शतकांवरून उडी मारून एकदम १९१३ वर येऊ. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके पहिला चित्रपट मुंबईत करून बिऱ्हाड आणि कंपनी घेऊन नाशिकला आले. घाट, देवळे, डोंगर, मोकळा उजेड, सगळे हाताशी. पण ती कंपनी होती, पगारी माणसे होती, काम नेमून दिलेले होते. मुंबईच्या कला महाविद्यालयांतली मुले गोदाघाटावर बोर्ड मांडून निसर्गचित्रे करायला येत राहिली, तीही सहलीच्या शिस्तीत. नाशिकमध्ये जलरंगातल्या घाटचित्रांची जी परंपरा तयार झाली ती या येण्याजाण्यातून आणि इथल्याच शिक्षकांच्या चिकाटीतून. रेसिडेन्सी तिच्यातून निघाली असे म्हणता येणार नाही. तिने एवढे मात्र केले की, चित्रकार बाहेरगावी जाऊन काम करतो ही गोष्ट शहराला नवी राहिली नाही.

रेसिडेन्सीचा युरोप-अमेरिकेतला वंशवृक्ष अनेकांना ठाऊक आहे, म्हणून धावते पाहू. फ्रान्सने १६६६ मध्ये रोमला अकादमी उघडून आपले कलावंत तिथे पाठवायला सुरुवात केली, ती राजाच्या खर्चाने आणि राजाच्या अटींवर. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्याच बार्बिझों गावात चित्रकार जमले ते खाणावळीचे भाडे स्वतः भरून. १९०७ साली न्यू हॅम्पशायरमध्ये एका संगीतकार दांपत्याने आपली शेतजागा कलावंतांना खुली केली. दुपारचे जेवण टोपलीत घालून स्टुडिओच्या दाराशी ठेवायचे आणि काम मोडायचे नाही, ही तिथली रीत अजून सांगितली जाते. आपल्याकडे मद्रासजवळ १९६६ मध्ये चित्रकारांनी समुद्रकाठी गाव वसवले, ते बाटिक आणि हस्तकलेच्या वस्तू विकून उभ्या केलेल्या पैशांतून. १९९७ साली दिल्लीजवळ मोदीनगरला झालेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेनंतर देशात रेसिडेन्सी हा शब्द रुळला. म्हणजे राजा, दाता, खाणावळीचे बिल आणि स्वतःची कमाई असे चारही मार्ग आधीच वापरून झाले होते. नाशिकला यातला एकही थेट आला नाही. इथे आधी आला तो आर्ट कॅम्प.

कॅम्पचा काळ ज्यांनी पाहिला त्यांना त्याचे अप्रूप आणि त्याचा वैताग, दोन्ही आठवत असेल. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तैयब मेहता यांच्या एका चित्राने दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला आणि चित्र ही गुंतवणूक आहे असे ज्यांना कधी वाटले नव्हते त्यांनाही वाटू लागले. हॉटेलवाले, बिल्डर, कारखानदार कॅम्प भरवू लागले. नाशिकला याच सुमारास वाइनचा जोर होता; राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चे, आणि त्यानंतरच्या वर्षांत गंगापूर रस्त्याच्या बाजूला पर्यटक शनिवार-रविवार काढायला येऊ लागले होते. निसर्ग, खोल्या, पाहुणचार तयार. चित्रकार तेवढे आणायचे. पाच-सात दिवस राहणे-जेवण, कॅनव्हास आणि रंग यजमानाचे, वर मानधन, आणि जाताना एक किंवा दोन चित्रे यजमानाकडे. संध्याकाळी उद्योजकांच्या ओळखी, शेवटच्या दिवशी फोटो.

या व्यवहारात वाईट काही नव्हते. अनेकांची घरे त्यावर चालली. पण चित्र ठरल्या मापाचे, ठरल्या दिवशी वाळलेले आणि दिवाणखान्यात शोभेल असे लागे. तैलरंगात काम करणारा माणूस पाच दिवसांत वाळेल असे काही करायचे म्हणून ॲक्रिलिककडे वळे. नवा प्रयोग करायची ही जागा नव्हे, हे सगळेच जाणून होते. चार चित्रकार एका मांडवात, पाठीमागे पाहुण्यांची ये-जा, आणि ‘हे काय दाखवलंय?’ असा प्रश्न रंग ओला असतानाच. २००८ च्या अखेरीस बाजार पडला, तसे यजमानांचे गणित बदलले. मानधन गेले, मग रंग-कॅनव्हास गेले. खोली उरली.

माझ्या मते नाशिकची आजची रेसिडेन्सी या उरलेल्या खोलीतून निघाली आहे. परदेशी नमुन्याची नक्कल म्हणून तिला हिणवले जाते ते चूक आहे. कॅम्पला कंटाळलेल्या माणसांनी तिला आकार दिला, आणि म्हणून तिच्या अटी बहुतेक नकारार्थी आहेत : विषय देणार नाही, मोजणार नाही, दाखवायला लावणार नाही. पुढे २०२० च्या टाळेबंदीनंतर मुंबई-पुण्याची माणसे शेतघरात महिनोन्‌महिने राहू लागली, तेव्हा लिहिणारे, भाषांतर करणारे, ॲनिमेशनवाले यांचीही भर पडली. चार दिवसांऐवजी तीन आठवडे राहणारा पाहुणा परवडतो, हे यजमानांच्याही ध्यानात आले.

आता पैशांचे. शुल्काला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे साधे आहे आणि त्यात तथ्य आहे. निवड पैशांवर होते. ज्याला सुट्टी आणि शिल्लक दोन्ही आहे तोच येतो. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या एखाद्या मुलाने नाशिकला कला महाविद्यालयात शिकून पदविका घेतली, तर त्याच्याच तालुक्याशेजारच्या डोंगरात राहून काम करणे त्याला परवडत नाही, आणि मुंबईच्या जाहिरात कंपनीतल्या माणसाला परवडते. शिवाय दर घेतला की परीक्षण ढिले पडते. खोली रिकामी ठेवण्यापेक्षा जो येईल त्याला घ्यावे लागते. मग रेसिडेन्सी आणि होमस्टे यांत फरक काय, हा त्यांचा सवाल. कलावंताच्या माहितीपत्रकात अशा मुक्कामाला किती वजन द्यायचे, यावरही कुरबुर चालते. काही ठिकाणी अर्जासाठीही पैसे घेतात. त्याचे समर्थन मला करता येत नाही.

दुसरी बाजू यजमानाची. डोंगरातल्या दोन खोल्या, एक पत्र्याची शेड, स्वयंपाकाला गावातली एक बाई, पाण्याचा टँकर, मोटार जळली की दुरुस्ती. यामागे ना ट्रस्ट असतो ना ठेव. शुल्क न घेता हे चालवायचे तर पैसे दुसरीकडून आणावे लागतात, आणि पैसे देणारा आपले नाव, आपला पाहुणा, आपला फलक घेऊन येतो. म्हणजे पुन्हा कॅम्प. राहणाऱ्याने स्वतः पैसे भरले की ‘काय केलेत ते दाखवा’ म्हणायचा अधिकार कोणालाच राहत नाही. तीन आठवड्यांत एकही रेघ न मारता, नुसती ओढ्याकाठी बसून माणूस परत गेला तरी हिशेब पुरा झालेला असतो. मला ही बाजू अधिक पटते. सवलतीच्या जागा हव्यात, त्या कमी आहेत, हे खरेच. पण त्यावरचा उपाय दर काढून टाकणे हा नव्हे.

विरोधकांना जवळचे उदाहरण म्हणून इगतपुरीचे विपश्यना केंद्र सापडते. १९७६ पासून तिथे दहा दिवसांची शिबिरे राहण्या-जेवणाचे पैसे न घेता होतात आणि आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर केंद्र चालते. मग कलावंतांना हे का जमू नये? जमत नाही कारण तिथे मागे हजारोंचा समुदाय आहे, दिनक्रम घट्ट आहे आणि लिहिण्या-वाचण्यालाही बंदी आहे. दोन खोल्यांच्या जागेतून वर्षाला मोजकी माणसे जातात. त्यांच्यातला निम्मा भाग स्वतःच पुढच्या महिन्याच्या चिंतेत असतो. दानावर उभे राहायला संख्या लागते.

मधला मार्ग म्हणून काही ठिकाणी पैशांऐवजी एक चित्र ठेवून जाण्याची पद्धत आहे. दिसायला सोयीची, आतून गुंत्याची. चित्र दिले म्हणजे त्याचे हक्कही दिले असे यजमान गृहीत धरतो आणि ते पुढे दिनदर्शिकेवर किंवा बाटलीच्या लेबलवर दिसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मूळ चित्र हातात असणे वेगळे आणि ते छापण्याचा हक्क वेगळा. हक्क लेखी करार करूनच दुसऱ्याला देता येतो. दहा हजारांच्या वर चित्र पुन्हा विकले गेले तर मूळ चित्रकाराला त्यात वाटा मागायची तरतूदही त्याच कायद्यात आहे. निघताना घाईत, बॅग गाडीत ठेवून झाल्यावर, हे बोलायला कोणाला सुचत नाही. आल्या दिवशी अर्ध्या पानावर लिहून घ्यावे.

जमिनीचा मुद्दा याहून कोरडा, पण दर का चढतो ते त्यातूनच कळते. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यामुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहज घेता येत नाही. सातबाऱ्यावर नाव असलेल्याशी भागीदारी किंवा भाडेकरार करूनच बहुतेक कलावंत-यजमान सुरुवात करतात. शेतघर शेतकऱ्याच्या वापरासाठी असते. पैसे घेऊन पाहुणा ठेवला की १९६६ च्या जमीन महसूल संहितेतला अकृषिक वापराचा प्रश्न येतो. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्याला नोंदणी करून पाहुणे ठेवायची वाट करून दिली, पण त्या धोरणातला पाहुणा हुरडा खायला, बैलगाडीत बसायला, शेती पाहायला येणारा आहे. दार लावून दिवसभर लिहिणारा माणूस त्यात कुठे बसतो हे तलाठ्यालाही सांगता येत नाही आणि त्याने सांगावे अशी अपेक्षाही नाही. परदेशी कलावंत आला तर चोवीस तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती ठरलेल्या अर्जात भरून सरकारला कळवायची असते. तिथे ‘येण्याचे कारण’ या रकान्यापाशी यजमान पहिल्यांदा अडखळतो.

निसर्गरम्य म्हणून जाहिरातीत जे येते त्याचा खर्चही दरातच असतो. इगतपुरी भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आषाढात हँडमेड कागद दमट पापडासारखा वाकतो आणि जलरंगाचा पहिला हात वाळायला सकाळची दुपार होते. कागदाच्या पेटीत बल्ब लावून ठेवावा लागतो, कॅनव्हासच्या पाठीवर बुरशीचे करडे ठिपके येतात. शेतीपंपाच्या फीडरवर वीज पाळीने येते, कधी दिवसा कधी रात्री, आणि तीही पंपासाठी. मातीकाम करणाऱ्याने विजेच्या भट्टीचा विचार सोडावा. दारणेच्या खोऱ्यात उसाच्या कडेने बिबट्या फिरतो. ‘दिवेलागणीनंतर एकट्याने फिरू नये’ हा नियम रेसिडेन्सीच्या पत्रकात असतो, तो कलावंताला आवडत नाही आणि गावकऱ्यांना तो सांगावाच लागत नाही.

गावाचीही एक मागणी असते, तिची नोंद सहसा होत नाही. जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी पहिल्याच आठवड्यात येतात : मुलांचा चित्रकलेचा एक तास घ्या, जमलं तर भिंत रंगवून द्या. कसलीही सक्ती नसलेल्या जागेत ही एवढीच सक्ती, आणि बहुतेक जण ती आनंदाने करतात.

अलीकडे गणित पुन्हा हलले आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि कसाऱ्याचा घाट टाळून ठाण्याहून इगतपुरी गाठता येऊ लागली. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीने त्र्यंबक रस्त्याच्या जमिनींकडे पाहण्याची नजर बदलली. दोन रात्रींसाठी येणारे कुटुंब महिनाभर राहणाऱ्या लेखकापेक्षा रात्रीमागे जास्त देते. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार धबधबे पाहायला येणाऱ्यांचे, जानेवारी ते मार्च द्राक्षाच्या हंगामाचे. कलावंताच्या वाट्याला सोमवार ते गुरुवार आणि एप्रिल-मेचा उन्हाळा येतो, तोही दर थोडा उतरवून. सध्या जे अर्ज मागवले जातात ते पाहावेत : तारखा बहुधा याच असतात.