नांगर अडला, घोडे सुटले

नांगराचा फाळ जमिनीखालच्या मोठ्या दगडाला अडला, की त्याचा धक्का अर्ध्या सेकंदाच्या आत साखळीतून पुढे घोड्यांपर्यंत आणि मुठींतून मागे माणसापर्यंत पोचतो. नांगर लोखंडाचा असतो, तो सहन करतो. घोडा आणि माणूस मात्र हाडामांसाचे. या दोघांना वाचवण्यासाठी नांगर आणि घोडे यांच्यामध्ये बसवलेला, ठरावीक ताणापलीकडे आपोआप सुटणारा आकडा ही मला शेतीच्या अवजारांतली एक फार सुंदर कल्पना वाटते.

ही जुन्या काळाची गोष्ट आहे असं मात्र समजू नये. अमेरिकेतल्या ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि इंडियाना या राज्यांत आमिश या, आधुनिक यंत्रं टाळून साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी आजही घोड्यांनी नांगरतात. उत्तर अमेरिकेतले आमिश आता ४ लाखांच्या आसपास आहेत. त्यातले सगळेच शेती करत नाहीत, पण जे करतात त्यांना नवी अवजारं लागतात, आणि ओहायोतल्या डाल्टन गावचा पायोनियर इक्विपमेंट हा कारखाना घोड्यांचे नवे नांगर आजही बनवतो.

अमेरिकेच्या ईशान्य भागातली जमीन नांगरणाऱ्याची परीक्षा बघणारी आहे. हिमयुगात तिथे बर्फाचे प्रचंड थर होते. त्यांनी उत्तरेकडून खडक फोडून, घासत आणले आणि बर्फ वितळल्यावर ते मातीत मिसळलेले तसेच राहिले. शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या दगड वेचून बांधांवर रचले. न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्कमधल्या या दगडी बांधांची लांबी एका प्रसिद्ध अंदाजाप्रमाणे जवळपास ३ लाख ८० हजार किलोमीटर भरते. तरीही दर वसंतात शेतात नवे दगड वर आलेले दिसतात. यामागे थंडीचं काम आहे. दगडातून उष्णता मातीपेक्षा लवकर निघून जाते, त्यामुळे हिवाळ्यात दगडाखालची ओल आधी गोठते. बर्फाला पाण्यापेक्षा जास्त जागा लागते, शिवाय गोठणारा थर खालचं पाणी ओढून घेत जाड होत जातो आणि दगड थोडा वर उचलला जातो. बर्फ वितळताना दगडाखालच्या पोकळीत बारीक माती घसरते, आणि दगडाला पुन्हा खाली बसायला जागा उरत नाही. गेल्या वर्षी फाळाखालून बिनधोक गेलेला दगड यंदा नेमका फाळाच्या वाटेत येतो तो असा.

आता धक्क्याचा हिशोब मांडू. नांगराचं तास, म्हणजे फाळाने पडणारी चर, ३० सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर खोल धरलं, तर मध्यम जमिनीत साधारण १६० किलोची ओढ लागते. चांगला घोडा दिवसभर आपल्या वजनाच्या एक दशांशाइतकी ओढ न थकता देऊ शकतो. म्हणजे ८०० किलोचे, बेल्जियन जातीचे दोन घोडे हे काम आरामात करतात. त्यांची चाल ताशी ४ किलोमीटर, सेकंदाला १.१ मीटर. दोघांचं मिळून वजन १६०० किलो. या गतीत त्यांच्या अंगात सुमारे ९७० ज्यूल ऊर्जा असते. नांगर जागीच थांबला आणि साखळ्या ताणून घोडे ५ सेंटीमीटरच्या आत थांबले, तर सरासरी बल येतं जवळजवळ २ टन. नेहमीच्या ओढीच्या बारापट! प्रत्यक्षात कॉलरची, म्हणजे घोड्याच्या गळ्यातल्या, ओढ खांद्यांवर घेणाऱ्या पट्ट्याची, गादी दबते, स्नायू थोडे मुडपतात, त्यामुळे हे बल काहीसं उतरतं. पण याच हिशोबातून उपायाची दिशाही दिसते. थांबण्याचं अंतर ५ ऐवजी २० सेंटीमीटर झालं, तर बल चौथाईवर, म्हणजे ५०० किलोच्या आत येतं.

हे बल घोड्याच्या शरीरात कुठे उतरतं ते बघण्यासारखं आहे. माणसाला गळपट्टीचं हाड असतं, घोड्याला नसतं. त्याचे पुढचे पाय धडाला कुठल्याही हाडाच्या सांध्याने जोडलेले नाहीत, छाती आणि खांद्याच्या स्नायूंनी धड दोन पायांमध्ये तोलून धरलेलं असतं. कॉलर याच स्नायूंवर टेकते. खांद्याच्या फऱ्याच्या पुढच्या कडेला वळसा घालून एक मज्जातंतू जातो आणि तिथे त्याच्यावर मांसाचं फारसं आवरण नाही. वारंवारच्या धक्क्यांनी किंवा न बसणाऱ्या कॉलरने तो चेपला, तर फऱ्यावरचे स्नायू हळूहळू सुकतात आणि हाडाची कड वर दिसू लागते. ओढकामाच्या घोड्यांमध्ये हा विकार एके काळी सर्रास दिसायचा.

मागच्या माणसाची गत वेगळी. फाळाचं टोक दगडाच्या कडेखाली शिरलं, की घोड्यांच्या ओढीने नांगराची शेपटी उसळते किंवा एका बाजूला फेकली जाते. दोन मुठी धरून चालणाऱ्याच्या बरगड्या आणि जबडा नेमके त्याच उंचीवर असतात. चाकांच्या नांगरावर बसून हाकणारा तर आसनावरून थेट पुढे, फाळाच्या आणि घोड्यांच्या मागच्या पायांच्या दिशेने फेकला जातो.

यावरचा सगळ्यात जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे लाकडी खुंटी. नांगर आणि घोड्यांची आडवी दांडी यांना जोडणाऱ्या कडीत लोखंडी खिळ्याऐवजी ओकसारख्या लाकडाची खुंटी घालायची. ओढ फार वाढली की खुंटी तुटते, घोडे मोकळे होतात. घरातल्या विजेच्या फ्यूजचं काम हेच. अडचण अशी, की लाकूड दरवेळी एकसारखं वागत नाही. ओलं लाकूड आणि वाळलेलं लाकूड यांची ताकद निराळी. शिवाय जाडीतला थोडा फरकही फार मोठा ठरतो. खुंटीची ताकद जाडीच्या वर्गाने वाढते, म्हणून १० मिलिमीटरच्या जागी १२ मिलिमीटरची खुंटी घातली तर ती ४४ टक्के जास्त ताण घेते. आणि दिवसात चार वेळा खुंटी तुटली की पाचव्या वेळी हाताशी असलेला लोखंडी बोल्ट घालायचा मोह होतो.

हा मोह आपल्याकडेही ओळखीचा आहे. ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरला ताकद पोचवणाऱ्या दांड्यात मुद्दाम कमी ताकदीचा शिअर बोल्ट दिलेला असतो. दगड अडकला की तो कातरून जावा आणि गिअरबॉक्स वाचावा, म्हणून. तो सारखा तुटतो म्हणून काही जण त्याजागी कडक पोलादाचा बोल्ट ठोकतात. मग बोल्ट टिकतो आणि पुढच्या दगडाला गिअरबॉक्स जातो. घोड्यांच्या नांगरात गिअरबॉक्सच्या जागी जिवंत जनावर असतं, एवढं लक्षात घेतलं म्हणजे त्या लोखंडी बोल्टाची किंमत कळते.

दुसरा मार्ग स्प्रिंगचा. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी १८७० च्या दशकात ओढीचा आलेख काढणारी उपकरणं वापरून दाखवलं, की ओढणारा आणि गाडी यांच्यामध्ये लवचीक जोड घातला तर हिसक्यांची टोकं बोथट होतात आणि तेच काम कमी श्रमात होतं. पुढे घोड्यांच्या साखळ्यांत बसवायच्या स्प्रिंगा युरोपात रीतसर विकल्या जाऊ लागल्या. रस्त्यावरच्या गाडीला त्या उत्तम, कारण गाडी अडखळते पण पुढे जाते. जमिनीत रुतलेला दगड मात्र हलतच नाही. स्प्रिंग दाबून संपली की पुन्हा लोखंडाला लोखंड भिडतं.

तिसरं उत्तर दक्षिण ऑस्ट्रेलियातून आलं, आणि मला ते सर्वांत कल्पक वाटतं. यॉर्क द्वीपकल्पावर मॅली नावाच्या बुटक्या निलगिरीचं रान होतं. या झाडाचा गड्डा जमिनीखाली असतो. वरचं कापलं, जाळलं तरी तो पुन्हा फुटतो आणि त्याची मुळं नांगर मोडतात. सगळे गड्डे खणून काढणं छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नव्हतं. आर. बी. स्मिथ यांनी १८७६ साली केलेल्या नांगरात प्रत्येक फाळ स्वतंत्र बिजागरीवर होता आणि वजन लावलेली दांडी त्याला खाली दाबून धरायची. मूळ लागलं की तो फाळ वर उचलला जाई, मुळावरून सरके आणि वजनाने परत मातीत उतरे. बाकीचे फाळ चालूच राहत आणि घोड्यांना थांबावं लागत नसे. तो नांगर त्याच वर्षी मूंटा गावच्या प्रदर्शनात मांडला गेला. त्यांचे भाऊ क्लॅरन्स यांनी आर्ड्रोसन इथे कारखाना काढला, आणि १८८२ साली वसाहतीच्या विधिमंडळाने स्मिथ यांना ५०० पौंडांचं बक्षीस दिलं. दगडाळ नॉर्वेतल्या क्वेर्नलँड कंपनीच्या ट्रॅक्टरच्या नांगरांत फाळ मागे वळून आपोआप जागेवर येण्यासाठी पट्ट्यांच्या स्प्रिंगा असतात. आपल्या कल्टिव्हेटरच्या दात्यांना स्प्रिंगा असतात त्याही याच कामासाठी. फक्त या रचनेला वजन आणि पैसा दोन्ही लागतात. एका फाळाच्या, हाताने धरायच्या साध्या नांगराला ती परवडत नाही.

देशी लाकडी नांगराला असं काही लागलं नाही, त्याला कारणं आहेत. त्याचा फाळ अरुंद, बैलांची चाल संथ, आणि जू व हळस (नांगराची लांब दांडी) नाड्याने बांधलेली. दोर थोडा ताणतो. रुमणं, म्हणजे नांगराची मूठ, एका हातात असतं, त्यामुळे अडलेला नांगर चटकन उचलता येतो. पोलादी फाळ, जड घोडे आणि लोखंडी साखळ्या एकत्र आल्या तेव्हा धक्क्याचा प्रश्न खरा वाढला.

आता तो आकडा. नांगराच्या तोंडाशी, घोड्यांच्या मोठ्या आडव्या दांडीच्या मागे तो बसवतात. आत एक वळणदार हूक असतो, त्याला एक खटका अडवून धरतो, आणि खटक्याला आधीच दाबून ठेवलेली स्प्रिंग. खटक्याची रचना तरफेची असते, त्यामुळे लहानशी स्प्रिंग शेकडो किलोंची ओढ थोपवून धरते. ओढ ठरवलेल्या मर्यादेखाली आहे तोवर हा जोड सरळ सळईसारखा कडक राहतो, नांगर मागेपुढे हिंदकळत नाही. मर्यादा ओलांडली की खटका घसरतो, हूक उघडतो. काही मोडत नाही. नांगर हाताने मागे ओढून किंवा घोड्यांना एक पाऊल मागे घेऊन हूक पुन्हा बसवता येतो. ट्रॅक्टरच्या सुरुवातीच्या काळातही ओढीच्या नांगरांना असेच आकडे आणि लाकडी खुंट्या असत. फोर्डसनसारखा हलका ट्रॅक्टर नांगर अडल्यावर पुढून उचलला जाऊन मागे उलटायचा, म्हणून त्यांची निकड होती.

मर्यादा किती ठेवायची, हा यातला अवघड भाग. वर धरलेल्या १६० किलोच्या ओढीत चिकणमातीचा पट्टा किंवा मुळ्यांचं जाळं आलं तर ओढ सहज दुप्पट होते. उभ्या नांगराला हलवतानाही तसंच. आकडा ३०० किलोला सुटत असेल तर तो दर तासाला उगाच सुटेल, आणि वैतागलेला शेतकरी त्याला तारेने बांधून टाकेल. १००० किलोवर ठेवला तर दगडाचा बहुतेक धक्का खांद्यावर बसून गेल्यानंतर तो जागा होईल. मी ४०० किलोच्या आसपास सुरुवात करून आपल्या जमिनीप्रमाणे थोडं थोडं बदलण्याच्या बाजूचा आहे. घोडे जोडून चाचणी घेऊ नये. नांगर झाडाला बांधून साखळीच्या पुलीने, मध्ये ताणकाटा लावून ओढावं आणि आकडा किती किलोला सुटतो ते बघावं. हे दर हंगामाआधी करायला हवं, कारण गंजलेला खटका घर्षणामुळे कितीतरी जास्त ओढीला सुटतो. ग्रीस लावून ठेवलेला आकडा आणि हिवाळाभर पावसात पडलेला आकडा, दोन्हींची स्प्रिंग तीच असली तरी त्यांच्यावर सारखाच भरवसा टाकता येत नाही.

आकडा सुटल्यानंतरचा क्षणही विचारात घ्यावा लागतो. चांगल्या ओढीच्या घोड्याला भार जड झाला की अधिक जोर लावायची सवय लावलेली असते, आणि तो जोर अफाट असतो. १९२५ च्या आयोवा स्टेट फेअरमधल्या ओढीच्या स्पर्धांच्या नोंदींवरून १९९३ साली दोन संशोधकांनी हिशोब केला, तेव्हा एका घोड्याची काही सेकंदांची कमाल शक्ती सुमारे १५ अश्वशक्ती निघाली. इतक्या जोरात असताना समोरचा विरोध एकदम नाहीसा झाला तर घोडा गुडघ्यांवर जाऊ शकतो. म्हणून सुटण्याआधी काही सेंटीमीटर दबणारी स्प्रिंग असलेला आकडा मला जास्त पसंत आहे. घोड्याला ओढ बदलल्याची जाणीव आधी होते. सुटलेली दांडी मागच्या पायांशी लोंबते, तिच्या स्पर्शाने बुजणारी जोडी पळत सुटते. त्यामुळे अशा आकड्यावर नांगरायच्या आधी घोड्यांना मोकळी दांडी ओढत चालायची आणि एका हाकेला उभं राहायची सवय लावावी लागते. लगामाच्या दोऱ्या कमरेला किंवा मनगटाला कधीच बांधू नयेत. एका खांद्यावरून आणि दुसऱ्या काखेखालून घेतल्या, तर ओढलं गेल्यावर माणूस त्यातून निसटू शकतो.

घोड्याला धक्क्याची आठवण राहते. खांद्याला दोन-चार वेळा जबर हिसका बसला की तो कॉलरमध्ये मोकळेपणाने झुकत नाही. जरा ओढ वाढली की थबकतो, मग अडून बसतो, आणि मारून तर आणखी बिघडतो. अशा घोड्याला पुन्हा भरवशावर आणायला महिने लागतात. याउलट सुटणाऱ्या आकड्यावर काम केलेली जोडी दगड लागला की थांबते, कान मागे वळवून हाकेची वाट बघते. शेतकरी नांगर मागे घेतो, हूक बसवतो, दगडाशेजारी एक फांदी रोवतो, फाळ उचलून पलीकडे टेकवतो आणि तास पुढे चालू करतो. खुणेचे दगड नांगरणी संपल्यावर पहारीने उकरून, सपाट लाकडी घसरगाडीवर लोटून याच घोड्यांकडून बांधावर नेले जातात.