जंताच्या औषधाचा त्रास: गोळीमुळे की मरणाऱ्या जंतांमुळे?

जंतांवरची गोळी घेतली आणि रात्री ताप भरला, डोकं ठणकायला लागलं, अंगाला खाज सुटली, की घरातलं कोणीतरी लगेच म्हणतं, ‘औषध मानवलं नाही.’ हत्तीरोगासारख्या आजारांत हा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा असतो. औषधाने आपलं काम चोख केलेलं असतं. त्रास होतो तो मेलेल्या जंतांमधून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांवर शरीर तुटून पडतं म्हणून. हा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात औषधाचा रेणूच यकृताला, रक्तपेशींना किंवा त्वचेला बाधतो. दोन्हींना आपण सर्रास ‘साइड इफेक्ट’ म्हणतो, पण धोका कोणाला जास्त, या प्रश्नाचं उत्तर दोन्हींत अगदी वेगळं आहे.

पहिल्या प्रकारात जंत किती आहेत आणि कुठे आहेत, यावर जवळजवळ सगळं ठरतं. हत्तीरोगावर डीईसी (डायइथिलकार्बामाझिन) हे जंतनाशक दिल्यावर ताप, अंगदुखी, कधी अंडकोषाजवळ दुखऱ्या गाठी येतात. रक्तात मायक्रोफायलेरिया, म्हणजे हत्तीरोगाच्या कृमींच्या सूक्ष्म अळ्या, जितक्या जास्त तितका त्रास तीव्र. ज्याच्या अंगात हे कृमी नाहीत, त्याला त्याच मात्रेने सहसा काही जाणवत नाही. बहुतेकांचा त्रास दोन-तीन दिवसांत ओसरतो, कारण मरायला फारशा अळ्या उरलेल्याच नसतात.

जागा बदलली की हेच प्रकरण गंभीर होतं. ऑन्कोसर्का या कृमीच्या अळ्या त्वचेत आणि डोळ्यांत असतात. अशा रुग्णाला डीईसी दिलं तर प्रचंड खाज, पुरळ, ताप, रक्तदाब घसरणं आणि डोळ्यांना इजा, इथवर मजल जाते. मॅझोटी प्रतिक्रिया म्हणतात ती हीच. म्हणून ऑन्कोसर्काच्या आजारावर आयव्हरमेक्टिन हे दुसरं जंतनाशक देतात. पण मध्य आफ्रिकेतल्या काही भागांत लोआ लोआ नावाचा आणखी एक कृमी आढळतो, आणि तिथे आयव्हरमेक्टिनही घातक ठरू शकतं. १ मिलिलिटर रक्तात या कृमीच्या ३०,००० हून अधिक अळ्या असतील तर गोळीनंतर मेंदूवर परिणाम होऊन रुग्ण बेशुद्ध पडण्याचा, दगावण्याचा धोका असतो. कॅमेरूनमध्ये यावर मोबाइलला जोडलेल्या सूक्ष्मदर्शकाने बोटातलं रक्त तपासण्याचा मार्ग काढला गेला. अळ्या २०,००० च्या वर दिसल्या की त्या माणसाला गोळी द्यायची नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. औषध तेच आणि मात्राही तीच, फक्त धोका कुठे दडलाय ते आधी पाहिलं गेलं.

दुसऱ्या प्रकारात जंतांची संख्या बाजूला राहते. तिथे विचारायचं ते औषध किती दिवस घेतलं, यकृत कसं आहे, सोबत आणखी काय चालू आहे. पोटातल्या जंतांसाठी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी घेणाऱ्याला सहसा काही होत नाही. झालंच तर पोटात थोडं दुखतं. तेच औषध हायडॅटिड गाठींसाठी (एका टेपवर्मच्या अळ्यांमुळे यकृतात, फुप्फुसात होणाऱ्या गाठी) दिवसातून दोनदा, महिनोन्‌महिने चालतं, तेव्हा यकृताची एन्झाइम्स वाढतात, पांढऱ्या पेशी घटतात, केस गळतात. ज्यांचं यकृत आधीच आजारी आहे त्यांना हा धोका अधिक, म्हणून अशा उपचारात ठरावीक अंतराने रक्ततपासणी लागतेच. मेबेंडाझोल हे जंतनाशक आणि मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध एकत्र घेतल्यावर कातडी सोलून निघणारी गंभीर प्रतिक्रिया झाल्याची नोंद आहे. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत अल्बेंडाझोल टाळतात.

मग ओळखायचं कसं? ताप, अंगदुखी, खाज पहिल्या एक-दोन दिवसांत येऊन उतरत गेली, तर संशय जंतांवर. काही आठवड्यांनी कावीळ, सतत घसा दुखणं किंवा ताप आला, तर औषधावर. हे ढोबळ आहे. तोंडात फोड, त्वचा सोलवटणं, चेहरा सुजणं किंवा धाप लागणं दिसलं, तर कारण शोधत बसू नये, गोळी थांबवून तडक दवाखाना गाठावा. मात्र साध्या तापावरून केसपेपरवर ‘औषधाची ॲलर्जी’ अशी नोंद होणं मला खुपतं, कारण मग पुढे गरज पडली तरी ते औषध त्या रुग्णाला नाकारलं जातं.

मेंदूत टेपवर्मच्या अळ्यांच्या गाठी असतात तेव्हा मात्र दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळतात. अल्बेंडाझोल किंवा प्राझिक्वान्टेलने गाठ मरू लागली की भोवती सूज येते आणि डोकेदुखी, फिट वाढतात. म्हणून स्टेरॉइड सोबत देतात. पण डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे अल्बेंडाझोलचं रक्तातलं क्रियाशील रूप वाढतं आणि प्राझिक्वान्टेल कमी होतं. फिटवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं दोन्हींची पातळी खाली आणतात. डोळ्यात गाठ असेल तर सूज दृष्टीच हिरावू शकते, त्यामुळे डोळे आधी तपासले जातात. मेंदूला मुळातच फार सूज असेल तर जंतनाशक देतच नाहीत.

अशा गाठी मुकाट्याने वर्षानुवर्षं राहू शकतात. दुसऱ्याच जंतासाठी प्राझिक्वान्टेल घेतलं आणि पहिल्यांदाच फिट आली, असंही घडतं. त्यामुळे पूर्वी कधी फिट आली असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता गोळी घेण्याआधी त्यांना सांगा.