पहिलं लिनक्स २८६वर चालायचं?

‘सुरुवातीचं लिनक्स कुठल्याही जुन्या पीसीवर, अगदी २८६वरही चालायचं’ हे साफ चूक. सप्टेंबर १९९१च्या ०.०१ या पहिल्या आवृत्तीला किमान इंटेलचा ३८६ प्रोसेसर लागायचा. त्याआधीच्या २८६ प्रोसेसरमध्ये पेजिंगच (मेमरी ठरावीक तुकड्यांत वाटायची सोय) नाही, आणि कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, सगळा डोलारा त्यावर. हार्ड डिस्क फक्त एटी पद्धतीने जोडलेली चालायची, स्कझी या दुसऱ्या पद्धतीची नाही. तिच्या रचनेचे आकडे (सिलिंडर, हेड, सेक्टर) आणि रॅमची मर्यादा कॉन्फिग.एच फाइलमध्ये हाताने भरून, मिनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर कर्नल पुन्हा कंपाइल करायचं, म्हणजे कोडपासून नव्याने तयार करायचं. आकडे चुकले की भलतेच सेक्टर वाचले-लिहिले जायचे, म्हणजे डिस्कच्या शेजारच्या भागावरही (पार्टिशनवरही) गंडांतर. वर कीबोर्डची मांडणी फिनिश भाषेची!

‘लिनक्सला पहिल्या दिवसापासून जीपीएल’ (मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना) हेही खोटं. सोर्स, म्हणजे मूळ कोड, फिनलंडच्या एफटीपी सर्व्हरवर (फाइली उतरवून घ्यायच्या ठिकाणी) फुकट होता, पण वितरणासाठी पैसे घ्यायला मनाई होती. जीपीएल आलं १९९२मध्ये, ०.१२पासून.