तांबडा दगड, करडा दगड आणि एकच काळ

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला डेव्हन नावाचा परगणा आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉलिशपासून सिडमथपर्यंत, समुद्राला भिडलेले लालभडक कडे आहेत. डेव्होनियन कल्पाचे, म्हणजे पृथ्वीच्या इतिहासातल्या सुमारे 42 ते 36 कोटी वर्षांपूर्वीच्या कालखंडाचे, नाव या परगण्यावरून पडले एवढे ऐकून आलेला माणूस ते पाहून सहज म्हणेल, हेच ते खडक. पण ते कडे पर्मियन आणि ट्रायासिक कल्पांतले आहेत, म्हणजे डेव्होनियन संपून कित्येक कोटी वर्षे लोटल्यावर साचलेले. त्याच परगण्यातले अस्सल डेव्होनियन खडक पाहायचे तर टॉर्कीच्या करड्या चुनखडकापाशी उभे राहावे लागते. त्यात प्रवाळ खच्चून भरलेले आहेत.

दगडाचा रंग पाहून त्याचे वय ठरवू नये, हे आज भूविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. हे शहाणपण यायला मोठे भांडण व्हावे लागले आणि डेव्होनियन हे नाव त्या भांडणातूनच जन्माला आले.

त्याआधी थोडे मागे जाऊ. 1788 मध्ये भूवैज्ञानिक जेम्स हटन आणि त्याचे सोबती जॉन प्लेफेअर व जेम्स हॉल हे तिघे होडीतून स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सिकर पॉइंटला गेले. तिथे करड्या खडकाचे थर पुस्तके उभी लावावीत तसे उभे आहेत, आणि त्यांच्या झिजलेल्या माथ्यांवर तांबड्या वालुकाश्माचे थर जवळजवळ आडवे पसरले आहेत. खालचा गाळ साचला, दगड झाला, दाबाने उभा राहिला, झिजून सपाट झाला आणि मग त्यावर नवा गाळ बसला. या सगळ्याला किती काळ लागला असेल या विचाराने प्लेफेअरला चक्कर आल्यासारखे झाले. आज आपण खालचे खडक डेव्होनियनच्या आधीच्या सिल्युरियन कल्पातले आणि वरचे डेव्होनियनच्या अखेरच्या काळातले मानतो. दोहोंमध्ये सहाएक कोटी वर्षांची फट आहे. हटनपाशी हे आकडे नव्हते, पण ती फट त्याला दिसली होती.

वरच्या त्या तांबड्या खडकाला ब्रिटनमध्ये ‘जुना तांबडा वालुकाश्म’ म्हणत. वेल्सच्या सीमेवर तो हजारो फूट जाड आहे. त्याच्या खाली सागरी शंखशिंपल्यांनी भरलेले सिल्युरियन थर आणि वर कोळसा ज्या कल्पातला तो कार्बोनिफेरस. क्रम सरळ होता. अडचण एवढीच की या तांबड्या खडकात शंखशिंपले मिळत नव्हते. मिळत ते मासे, तेही चिलखत घातल्यासारखे विचित्र. स्कॉटलंडमधल्या क्रोमार्टीचा पाथरवट ह्यू मिलर किनाऱ्यावरचे चुनखडीचे गोटे हातोडीने फोडी. गोटा नीट दुभंगला की दोन्ही अर्ध्यांवर एकच मासा उमटलेला असे, काळसर आणि तकतकीत, खवल्यांसकट. पंखांसारखे हात असलेल्या एका माशाला जीवाश्म माशांचा अभ्यासक लुई आगासी याने पुढे मिलरचेच नाव दिले. मिलरला विद्यापीठाचे शिक्षण नव्हते. त्याच्याकडे हातोडी, डोळे आणि चिकाटी होती, आणि या खडकाची ओळख सामान्य वाचकाला करून देण्याचे श्रेय मी सगळ्यांत आधी त्यालाच देईन.

आता भांडण. डिसेंबर 1834 मध्ये लंडनच्या जिओलॉजिकल सोसायटीपुढे भूवैज्ञानिक हेन्री डे ला बीचचा अहवाल आला. उत्तर डेव्हनच्या फार जुन्या मानल्या जाणाऱ्या काळपट खडकांत त्याला जमिनीवरच्या वनस्पतींचे जीवाश्म मिळाले होते. सोसायटीतला दुसरा भूवैज्ञानिक रॉडरिक मर्चिसन याने ते साफ नाकारले. कोळशाच्या काळाआधी जमिनीवर झाडोरा नव्हताच, अशी त्याची खात्री होती. तेव्हा डे ला बीचने थर ओळखण्यात चूक केली असणार, असे त्याचे म्हणणे. मर्चिसनने तोवर ती जागा पाहिलीही नव्हती.

1836 च्या उन्हाळ्यात मर्चिसन केंब्रिजच्या अॅडम सेजविकला घेऊन डेव्हनला गेला. वनस्पती असलेले थर खरोखरच कोळशाच्या काळातले आहेत, एका मोठ्या खोलगट घडीत वर बसलेले आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. इथवर मर्चिसन बरोबर ठरला. पण त्याच्या मते या थरांच्या आणि खालच्या खडकांच्या मध्ये मोठी फट असायला हवी होती, कारण मधला जुना तांबडा वालुकाश्म तिथे नव्हताच. फट काही सापडेना. थर एकाखाली एक सलग उतरत होते. मग तांबडा दगड गेला कुठे?

उत्तराची किल्ली विल्यम लॉन्सडेलच्या हाती होती. वॉटर्लूच्या लढाईत लढलेला हा माणूस आता सोसायटीचे जीवाश्म सांभाळत होता. दक्षिण डेव्हनच्या चुनखडकातले प्रवाळ तपासून त्याने 1837 मध्ये सांगितले की हे जीव सिल्युरियन आणि कार्बोनिफेरस यांच्या मधले दिसतात. अर्थ सरळ होता, पण पचायला जड. जो काळ वेल्समध्ये तांबड्या वाळूच्या रूपाने उरला, तोच डेव्हनमध्ये प्रवाळांच्या करड्या चुनखडकात उरला होता. दगडाच्या दिसण्यात काही म्हणता काही साम्य नाही, आणि तरी वय एक. सेजविक आणि मर्चिसन यांना हे मान्य करायला दोन वर्षे लागली. 1839 मध्ये त्यांनी या कल्पाला डेव्होनियन हे नाव दिले.

शंका मात्र उरलीच होती, कारण दोन्ही रूपे एकाच जागी कोणी पाहिली नव्हती. 1840 मध्ये मर्चिसन फ्रेंच सहकारी दे व्हर्नइल याच्यासह रशियात गेला. तिथले थर ब्रिटनसारखे चुरगळलेले नाहीत, सपाट पडलेले आहेत. त्यांत तांबड्या वालुकाश्मातले मासे आणि डेव्हनचे सागरी शंख एकत्र सापडले आणि वाद मिटला. मला या साऱ्या प्रकरणात मर्चिसनच्या विजयापेक्षा लॉन्सडेलचे शांत काम मोठे वाटते. शेताबांधावर न जाता, टेबलावरच्या प्रवाळांकडे नीट पाहून त्याने काळ आणि दगड यांची गाठ सोडवली.

योगायोग असा की 1838 मध्येच स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरांत आमांझ ग्रेस्ली एक थर पायी चालत धरून पुढे नेत होता आणि वाटेत त्याचे रूप बदलताना पाहत होता. इथे प्रवाळ, पुढे चिखल. या बदलत्या रूपाला त्याने ‘फेसीज’ म्हटले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चेहरा. मराठीत आपण संलक्षणी म्हणतो. दगडाचा चेहरा तो कुठे साचला ते सांगतो, कधी साचला ते नव्हे. डेव्होनियनचा पेच सुटला तो याच विचाराने, शब्द हाताशी नसतानाही.

मग पुढचा प्रश्न आला. चुनखडक समुद्रातला हे उघड होते. तांबडा वालुकाश्म कुठला? 1878 मध्ये स्कॉटिश भूवैज्ञानिक आर्चिबाल्ड गीकीने तो मोठ्या सरोवरांचा गाळ आहे असे मांडले आणि त्या सरोवरांना नावेही दिली. उत्तर स्कॉटलंडच्या सरोवराला त्याने ऑर्केडी म्हटले. ते तिथे होतेच. तिथल्या केथनेस परगण्याची फरशी हातात घेतली की ते दिसते. आडव्या कडेवर कागदासारखे पापुद्रे, काही फिके चुन्याचे, काही सेंद्रिय द्रव्याने काळे, काही बारीक गाळाचे. ऋतूंप्रमाणे साचत गेलेले. खोल तळाशी प्राणवायू नव्हता, म्हणून पापुद्रे उकरणारा किडाही नव्हता, आणि मेलेला मासा खवल्यांसकट तसाच राहिला. अकानॅरसच्या खाणीतले मासे असेच टिकले. त्याच थरांमध्ये मधूनमधून बहुकोनी भेगांचे जाळे दिसते. पाणी आटून तळ उघडा पडल्याची ती खूण, मे महिन्यात आपल्या पाझर तलावाच्या काठावर दिसते तशीच. सरोवर भरले, आटले, पुन्हा भरले. याची आवर्तने शेकड्यांनी मोजता येतात.

पण सगळा तांबडा खडक सरोवरातला नव्हता. 1916 मध्ये अमेरिकेच्या जोसेफ बॅरेलने मांडले की त्यातला बहुतांश गाळ नद्यांचा आहे, आणि त्या नद्या हंगामी पावसाच्या प्रदेशातल्या होत्या. 1960 च्या दशकात जॉन अॅलनने वेल्सच्या सीमेवर हे थरागणिक वाचून दाखवले. तळाला झिजलेला उंचसखल पृष्ठभाग, त्यावर खडे, मग तिरप्या रेघांची वाळू, ती वर वर बारीक होत गेलेली, आणि माथ्यावर तांबडी गाळमाती. नदीचे वळण सरकत जाते तेव्हा आतल्या काठावर गाळ याच क्रमाने बसतो. माथ्यावरच्या मातीत चुनखडीचे खडे असतात. वऱ्हाड-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ते ओळखायला कोणी शिकवावे लागणार नाही. काळ्या रानात नांगराला लागते तीच ही चुनखडी. मातीतले पाणी उन्हाने वर ओढले जाते, चुना मागे राहतो आणि त्याचे गोटे बनतात. त्याला हजारो वर्षे लागतात. म्हणून अशी चुनखडी दिसली की समजावे, इथे नदी बराच काळ फिरकली नव्हती आणि हवा ऊनपावसाची होती. तेव्हा ब्रिटनची भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, याच्याशी हे जुळते. तांबडा रंगही हवेत गंजलेल्या लोखंडाचाच.

महाराष्ट्रात डेव्होनियन खडक नाहीत. आपल्याकडे अतिप्राचीन खडकांवरून थेट गोंडवन कोळशाच्या थरांवर आणि पुढे दख्खनच्या कातळावर उडी आहे. मधल्या त्या कोट्यवधी वर्षांचे इथे काही उरलेले नाही. भारतातला डेव्होनियन पाहायचा तर हिमाचलात स्पितीला जावे. पिन खोऱ्यातल्या मुध गावावरून तिथल्या पांढऱ्या क्वार्ट्‌झाइटला, म्हणजे घट्ट कठीण झालेल्या वालुकाश्माला, फर्डिनांड स्तोलिच्काने 1865 च्या सुमारास मुध हे नाव दिले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला हा तरुण पुढे 1874 मध्ये लडाखात वारला. हा पांढरा दगड म्हणजे गोंडवन या प्राचीन महाखंडाच्या उत्तर किनाऱ्यावरची पुळण. शंख त्यात जवळपास नाहीत. पण 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या वाळूवरून चालत गेलेल्या संधिपाद प्राण्यांच्या पावलांच्या रांगा दाखवल्या आहेत. हाडे-शिंपले हरवले तरी वाळूवरची पावले राहिली.

आणि डेव्हनचे ते वनस्पतींचे भांडण? 2024 मध्ये डेव्हन आणि सॉमरसेटच्या उत्तर किनाऱ्यावर, माइनहेडजवळच्या हँगमन वालुकाश्मात, सुमारे 39 कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलाचे अवशेष सापडल्याचे केंब्रिज आणि कार्डिफच्या संशोधकांनी जाहीर केले. झाडे कॅलॅमोफायटन नावाची, दोन ते चार मीटर उंच, आतून पोकळ. पाने नव्हतीच, फांद्यांवर बारीक काड्या असत. झाड वाढे तशा खालच्या फांद्या गळून पडत, आणि त्या जिथे पडल्या तिथेच नदीच्या गाळात गाडल्या गेल्या. डे ला बीचने दाखवलेले थर कोळशाच्या काळातले निघाले, ही त्याची चूक होतीच. पण कोळशाच्या आधी जमिनीवर झाडोरा नव्हता असे ठणकावून सांगणारा मर्चिसन ज्या किनाऱ्याविषयी बोलत होता, त्याच किनाऱ्याच्या वालुकाश्मात हे जंगल आडवे पडून होते.