एक्स-रेवर गाणी कोरणारं घरगुती यंत्र

एक्स-रे फिल्मवर कोरलेल्या सोव्हिएत रेकॉर्डींचे फोटो हल्ली नेटवर सगळीकडे दिसतात. बरगड्या, कवटी, मधोमध भोक. फोटो झकासच, पण हाडांच्या नादात खरी करामत मागे पडते. ती रेकॉर्ड ज्या यंत्रावर निघाली, ते कारखान्यातून आलेलं नव्हतं.

1946 साली लेनिनग्राडच्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) नेव्हस्की प्रॉस्पेक्ट या हमरस्त्यावर स्तानिस्लाव फिलो याने ध्वनिमुद्रणाचं दुकान थाटलं. जवळ जर्मन टेलिफुंकेन कंपनीचं, तबकडी कोरणारं यंत्र. गिऱ्हाइकाने चार शब्द बोलावेत आणि त्याची तबकडी घरी न्यावी, असा उघड धंदा. दुकान बंद झालं की मात्र देश सोडून गेलेल्या रशियन गायकांची गाणी, टँगो, जॅझ अशा सरकारला खुपणाऱ्या संगीताच्या नकला निघत. रुस्लान बोगोस्लोव्स्की हा तरुण तिथे येई. त्याने यंत्र नीट न्याहाळलं, मापं टिपली, आराखडे काढले आणि एका टर्नरकडून (लेथवर धातूचे भाग घडवणाऱ्या कारागिराकडून) सुटे भाग करून घेतले. 1947च्या उन्हाळ्यात त्याचं स्वतःचं यंत्र तयार झालं. बोरिस ताइगिन वगैरे सोबत्यांबरोबर त्याने सुरू केलेल्या या उद्योगाचं नाव होतं ‘सोनेरी कुत्रा’. ग्रामोफोनसमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र असलेल्या एचएमव्हीच्या रेकॉर्डी पाहिलेल्यांना यातली गंमत सांगायला नको.

टर्नर कशाला हवा? तबकडी एकसारख्या वेगाने फिरवता येते, विजेच्या लहरीवर सुई डावी-उजवीकडे थरथरवणारं हेडही जमवता येतं. अडतं ते हेडला आत सरकवणाऱ्या, आटे पाडलेल्या दांड्यापाशी. तबकडीच्या प्रत्येक फेऱ्याला हेड साधारण पाव मिलिमीटर आत सरकलं पाहिजे. मिनिटाला 78 फेरे धरले, तर तीन मिनिटांच्या गाण्यात 234 फेरे, म्हणजे जेमतेम सहा सेंटिमीटरची पट्टी. आट्यात खोट राहिली की सुईने कोरलेले शेजारचे चरे एकमेकांत घुसतात आणि पिन उडी मारते.

फिल्म मिळणं त्या मानाने सोपं होतं. दवाखान्यांना जुने एक्स-रे काढून टाकायचेच असत. कात्रीने गोल कापायचा, भोक बऱ्याचदा पेटत्या सिगारेटने पाडायचं. आवाजात खरखर भरपूर, आयुष्य थोडं. शिवाय ही काही साच्यातून छापलेली रेकॉर्ड नव्हे. तीन मिनिटांच्या गाण्याची प्रत काढायला तीन मिनिटं लागणारच, शंभर प्रती म्हणजे शंभर वेळा तेच गाणं. या चिकाटीबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

1950 साली मंडळी पकडली गेली. स्टालिनच्या मृत्यूनंतर, 1953मध्ये सुटली आणि पुन्हा त्याच कामाला लागली. बोगोस्लोव्स्कीने एकूण तीनदा तुरुंग पाहिला. त्याचा धंदा अखेर बसवला तो 1960च्या दशकात घरोघरी पोचलेल्या टेपरेकॉर्डरने.

आजचे हौशी कारागीर दांडा फिरवायला स्टेपर मोटर (मोजक्या टप्प्यांनी फिरणारी मोटर) लावतात, त्यामुळे चऱ्यांमधलं अंतर संगणकावरून ठरवता येतं. एक्स-रेची जागा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या पत्र्याने घेतली. न्यूझीलंडचा पीटर किंग त्यावर छोट्या बँडांच्या मोजक्या प्रती कोरून देत असे. स्टुडिओत वापरतात त्या लॅकरचा थर दिलेल्या कोऱ्या तबकड्यांचा जगातला एक मोठा कारखाना, कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्स, फेब्रुवारी 2020मध्ये जळाला, तेव्हा पर्यायी पत्र्यांची चर्चा आणखी वाढली. डोकेदुखी आता हेडची आहे. स्टिरिओसाठी, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा ठेवायला, एकाच सुईला दोन कॉइलनी, एकमेकींशी काटकोनात, हलवावं लागतं आणि एकीचा आवाज दुसरीत झिरपू द्यायचा नसतो. म्हणून घरी बनवलेली बरीच यंत्रं अजून मोनोच कोरतात.